अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि बुरशी



रोपवाटिकेत पाणी साचलं की कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. हे बुरशीचं काम. जून झाडाला तीच बुरशी सहसा एवढं नुकसान करीत नाही. माणसाच्या बाळाचंही असंच आहे.

‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी पुष्कळांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर असते. धडधाकट माणसाला तिचा त्रास नसतो. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तोंडात तिचे दह्यासारखे पांढरे डाग दिसतात; ते बहुधा साध्या औषधाने जातात. पण बाळ फार लवकर जन्मले, वजन १ किलोच्या आत असले, तर त्याची कातडी पातळ व प्रतिकारशक्ती अपुरी असते. अशा वेळी बुरशी रक्तात शिरते आणि रक्तावाटे मेंदूत पोचते. यात बाळ दगावू शकते. वाचले तरी त्याची वाढ मागे पडू शकते.

ओळखायचं कसं? ताप येईलच असं नाही. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, अंग गार लागते, श्वास मध्येच थांबतो, झटके येतात. ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, म्हणून रक्त व पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते.

कीटकनाशक फवारून करपा जातो का? नाही. तसेच जंतूंवरच्या इंजेक्शनाने बुरशी मरत नाही. उलट, ते विनाकारण दिले तर पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. बुरशीचे औषध वेगळे असते. मेंदूपर्यंत गेलेल्या बुरशीवर ते निदान ३ आठवडे चालते.

एवढे करा :

१. गरोदरपणी वेळेवर तपासणी करून घ्या. बाळंतपण दवाखान्यातच करा.

२. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा. ही बुरशी हातांवाटेही पसरते.

३. आईचेच दूध द्या. मध, घुटी नको.

४. मनाने औषध देऊ नका.

५. ‘आता बरं दिसतंय’ म्हणून उपचार अर्धवट सोडून बाळाला घरी आणू नका.

वरचे एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. सरकारी रुग्णालयात १ वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. पेरणी एक दिवस लांबली तर चालेल, बाळाला नेणे लांबवू नका.