ई-मेल गाळणी
ई-मेल गाळणी : ई-मेलसोबत आलेल्या दूषित जोडफायली, पत्र वाचकाच्या हाती पडण्यापूर्वीच, शोधून अलग करणारी संगणकीय यंत्रणा. ई-मेलचा उपयोग प्रारंभी साध्या मजकुरापुरताच होता. १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक प्रसृत झाल्यावर चित्रे, कागदपत्रे व आज्ञावल्या पत्रास जोडणे सुलभ झाले. परंतु त्याच वाटेने व्हायरसचाही प्रसार होऊ लागला. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ हा व्हायरस बाधित संगणकातील पत्तायादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर आपोआप रवाना होई. मे २००० मध्ये फिलिपीन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ च्या फाईलनावास दोन प्रत्यय होते. त्यांपैकी अखेरचा, खरा प्रत्यय विंडोज प्रणालीत सहसा दिसत नसल्याने ती फाईल निव्वळ मजकुराची भासे.

कार्यपद्धती : गाळणी सामान्यतः मेल सर्व्हरवर बसवितात. भद्रावती येथील एखाद्या कार्यालयास आलेले पत्र प्रथम सेवा पुरविणाऱ्याच्या सर्व्हरवर उतरते. तो शेकडो किलोमीटर दूर असला, तरी तपासणी तेथेच होते. गाळणी पत्राचे भाग सुटे करते, संकेतबद्ध जोडफाईल मूळ रूपात आणते आणि संकुचित फाईल असल्यास तीही उलगडते. नंतर फाईलचा खरा प्रकार ओळखून ज्ञात व्हायरसांच्या खुणांशी ती ताडून पाहिली जाते. व्हायरस ओळखणारी अशी प्रणाली पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी ‘क्विक हील’ या नावाने विकसित केली.

दोष आढळल्यास केवळ जोडफाईल काढून मजकूर पुढे पाठविता येतो. अशा वेळी फाईलच्या जागी तशी सूचना ठेवणे आवश्यक असते. अन्यथा निविदा किंवा देयक हरवल्याचे वाचकास कळतही नाही. निर्दोष फाईलही चुकून अडकू शकत असल्याने काढलेली फाईल काही काळ अलग राखून ठेवणे इष्ट ठरते. प्रेषकाचा पत्ता बहुधा बनावट असल्याने त्यास इशारा पाठविल्यास तो भलत्याच व्यक्तीस पोहोचतो.

मर्यादा : नव्या व्हायरसच्या खुणा यादीत येईपर्यंत तो निसटू शकतो. परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या फाईलीतील मजकूर गाळणीस वाचता येत नाही. म्हणून काही संस्था अशा फाईली सरसकट रोखतात. व्हायरसचा शिरकाव करविणाऱ्यास भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नुकसानभरपाई द्यावी लागते. तथापि अनपेक्षित फाईल उघडण्यापूर्वी प्रेषकाकडे खातरजमा करण्याची सावधगिरी गाळणी असतानाही आवश्यकच ठरते.