गाणं घराघरांत, गायक अजून ओसरीवर

वर्धा शहर संपून सिंदी मेघे कुठे सुरू होतं, हे नवख्याला सांगता येत नाही. घरं सलग, रस्ते सलग, आणि सणासुदीला गाणीही सलग. एका मांडवातलं गाणं विरायच्या आत पुढच्या मांडवातलं कानावर येतं. 2024पासून त्यांत एक हटकून असतं, संजू राठोडचं 'गुलाबी साडी'. हळदीत, वरातीत, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या या तरुणाने स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं आणि जी-स्पार्कने संगीत दिलेलं हे गाणं मराठी न कळणाऱ्यांनीही उचललं. त्याबद्दल माझ्या वाचनात आलं ते मात्र बहुतेक आकड्यांचं होतं. किती कोटी वेळा पाहिलं गेलं, कोणकोणत्या नट्यांनी त्यावर रील केलं. गळा कसा आहे, चाल कशी बांधली आहे, शब्द ठेक्यात बसलेत की कोंबलेत, याबद्दल आपण बोलतच नाही. पॉप गाण्यावर एक तर नाचायचं नाही तर नाक मुरडायचं, कान देऊन ऐकायचं मात्र नाही, अशी आपली रीत झाली आहे.

विदर्भाला तर ही रीत मुळीच शोभत नाही. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे (1896–1977) 'एकलव्य' या नावाने आपल्या काळातल्या गायकांवर लिहीत. 'आजचे प्रसिद्ध गायक' हे त्यांच्या पुस्तकाचं नावच बोलकं आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते हयात, गाते, नावाजलेले. त्याच भोळ्यांनी पुढे प्रभातच्या 'संत तुकाराम' (1936) आणि 'कुंकू' (1937) या चित्रपटांना संगीत दिलं. मैफलीतला चिकित्सक कान आणि थिएटरातलं गाणं यांत त्यांना वैर दिसलं नाही. पॉपलाही असाच कान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

'गुलाबी साडी'त बोलते ती बाई आणि गातो तो पुरुष. साडी नेसून, ओठ रंगवून ती आपल्या राजाकडे फोटोचा हट्ट धरते. आपल्याकडे हे नवीन नाही. एकनाथांनी गोपींच्या तोंडून गौळणी लिहिल्या, तमाशात पुरुषांनी स्त्रीवेशात गौळणी गायल्या, संगीत नाटकात बालगंधर्वांनी नायिका उभ्या केल्या. पण त्या परंपरेत गाणारा आवाजात आर्जव आणत असे, लटका राग आणत असे. संजूचा आवाज सैल, गप्पा मारल्यासारखा, थोड्याच सुरांत फिरणारा. याचा फायदा मोठा आहे. धाप न लागता, वरचा सूर न गाठता हे गाणं आजीलाही म्हणता येतं आणि नातवालाही, आणि इतकी सोपी चाल बांधायला कसब लागतं. तोटा असा की ती बाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तिचा हट्ट आपल्याला कळतो, पण जाणवत नाही.

शब्दांतली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. लावणीतली नायिका शालू मागायची, दागिना मागायची. ही फोटो मागते. मोबाइल हाती आल्यावर नटण्याचा अर्थ कसा बदलला, ते या गाण्याने दोन-चार साध्या शब्दांत पकडलं. पण संजूची पुढची-मागची गाणी शेजारी ठेवली की काळजी वाटते. 'नऊवारी', 'गुलाबी साडी', 'काली बिंदी'. साडी, पुन्हा साडी, मग टिकली. नटलेल्या मुलीच्या पलीकडे या गीतकाराला काय दिसतं, ते ही गाणी सांगत नाहीत.

यात एकट्या गायकाचा दोष नाही. गाणी ऐकवणाऱ्या अॅपवर साधारण 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं मोजलं जातं. मग धृपद लगेच यायला हवं, वाद्यांचा मोठा आरंभ नको, अंतऱ्यात रेंगाळणं नको. गाणं आधी मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर वाजणार, आणि त्यातून खोल खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून टाळ्या आणि कडक ठेका पुढे आणायचे. तेच गाणं वरातीच्या डीजेवर गेलं की खर्जाच्या भिंतीमागे शब्द गुडूप होतात. एकेक सुटं गाणं काढायचं म्हटल्यावर प्रत्येकाला नाचवावंच लागतं. एखादं गाणं थांबलं, हळवं झालं, तर ते वाहून जाण्याची भीती.

कॅसेटच्या काळात ही भीती कमी होती. 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेला 'गारवा' आठवा. सौमित्र यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, 'सागरिका'ची निर्मिती. गाण्याआधी सौमित्र स्वतः कविता वाचतात आणि त्या वाचनातूनच गाणं उगवतं. ऐकणारा आधी शांत होतो, मग सूर येतो. अख्ख्या कॅसेटभर पाऊस, आणि इंगळ्यांचा आवाज मायक्रोफोनच्या इतका जवळ की कुणी कानाशी बोलतंय असं वाटावं. माझी तक्रारही त्या पावसाशीच आहे. पाऊस सदैव प्रियकराचाच. वर्ध्याच्या काळ्या मातीत कपाशी लावून आभाळाकडे बघणाऱ्याचा पाऊस त्यात शिरत नाही, आणि शेवटाकडे एकच हुरहुर पुरवून पुरवून वापरल्यासारखी वाटते. पण ही तक्रार करता येते, कारण तिथे सलग काहीतरी मांडलेलं आहे.

2002च्या 'ऐका दाजिबा'ने दुसरा रस्ता धरला. अवधूत गुप्ते यांचं संगीत आणि वैशाली सामंत यांचा धारदार, ठसकेबाज गळा. ठेका क्लबातला, लाडिक तक्रार गावातली. मराठी गाणं संगीतवाहिन्यांवर इतर भाषांच्या बरोबरीने वाजू शकतं, हा विश्वास त्याने दिला. 'सैराट' (2016) चित्रपटाचा अल्बम, गाणी अवघी चार. पण अजय-अतुल यांनी त्यांसाठी हॉलिवुडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि चारही गाण्यांचा स्वभाव वेगळा ठेवला. 'झिंगाट'वर सगळे नाचले, पण 'याड लागलं'मधली व्हायोलिनं ऐकायला थांबावं लागतं. चार गाण्यांतही एवढा पट मांडता येतो.

आमच्या जिल्ह्याची वैशाली माडे हिंगणघाटची. 2009 साली 'झी टीव्ही'वरच्या हिंदी 'सारेगमप'ची विजेती, 2015च्या 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषाल यांच्याबरोबर 'पिंगा' गाणारी. त्या गाण्यात तिचा आवाज कुठेही दबत नाही. स्पर्धेत मात्र दुसऱ्यांची गाणी गावी लागतात आणि चित्रपटात दुसऱ्याचं पात्र. हा गळा पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने काय गाईल? 'मले-तुले'ची आमची बोली तिच्या तोंडी, बेतानं वाजणाऱ्या चार वाद्यांच्या साथीने, आठ गाण्यांत ऐकायला मिळाली तर?

संजू राठोडकडेही माझं हेच मागणं आहे. आठ-दहा गाण्यांचा अल्बम, त्यातली दोनच नाचायची. मधोमध बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं एखादं गाणं, तांड्यावरच्या बाया ज्या सुरात गातात त्या सुराच्या जवळचं. एक गाणं ठेक्याशिवाय, म्हणजे आवाज उघडा पडेल आणि तो किती पेलतो ते कळेल. आणि फोटो मागणाऱ्या त्या बाईचं एक गाणं, फोटो काढून झाल्यानंतरचं, एखाद्या गायिकेच्या गळ्यातून.