शेवटच्या पंगतीतले पहिलवान

अमेरिकेत ज्याला फूटबॉल म्हणतात त्याचा पायाशी फारसा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. चेंडू लंबगोल, तो बहुतेक वेळ हातात नाही तर काखोटीला, आणि तो घेऊन पळणाऱ्याला समोरच्यांनी धरून आडवे करायचे, असा एकूण मामला. आपली कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून तिच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवले म्हणजे थोडीफार कल्पना यावी. चढाई करणारे अकरा निराळे आणि अडवणारे अकरा निराळे. मला सांगायचे आहे ते या अडवणाऱ्यांविषयी; त्यांतही, ज्यांना सुरुवातीला कोणी फारसे विचारले नाही अशांविषयी.

कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची तिकडे दरवर्षी व्यावसायिक संघांत वाटणी होते. या वाटणीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. कल्पना बर्ट बेल या संघमालकाची : गेल्या मोसमात जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याने सर्वांच्या आधी निवड करावी. (बेलसाहेबांचा स्वतःचा संघच तेव्हा तळाशी होता, हे जाता जाता सांगायला हवे!) आज संघ ३२ आणि फेऱ्या ७, एकूण नावे अडीचशेच्या आसपास. पूर्वी फेऱ्या पुष्कळ असत. १९७४ साली १७ फेऱ्यांत ४४२ जण निवडले गेले. अगदी शेवटच्या नावाला १९७६ पासून ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’ अशा अर्थाची पदवी थट्टेने बहाल करतात.

पहिल्या पंगतीला कोण बसणार हे बहुधा सर्वांना ठाऊक असते. खरी परीक्षा मागच्या फेऱ्यांत, आणि तिथेही बचावाचा गडी ओळखणे अधिक अवघड. चढाई करणाऱ्याची कमाई आकड्यांत मोजता येते : इतके यार्ड पळाला, इतके गुण केले. बचाव करणाऱ्याची कमाई म्हणजे पुष्कळदा काहीच न घडणे. ज्याच्या बाजूला चेंडू टाकायला समोरचा धजत नाही, त्याच्या नावापुढे त्या दिवशी काही लागतच नाही! मग पारखी मंडळी हातात पट्टी आणि घड्याळ घेतात. उंची किती, वजन किती, ४० यार्ड किती सेकंदांत पळतो. असे गुण आणि माणूस यांचा संबंध किती, हे उत्तरपत्रिका तपासून बोटे आखडलेल्या आम्हा मास्तरांना विचारावे.

घड्याळ बाजूला ठेवून पाहणाऱ्यांना काय सापडते त्याचा नमुना म्हणजे डेव्हिड जोन्स. नागरी हक्कांच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून साउथ कॅरोलायना स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातली त्याची शिष्यवृत्ती गेली होती. तिथून तो मिसिसिपीतल्या तशाच एका कॉलेजात गेला. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाचे पारखी भलत्याच कोणाची फिल्म पाहत बसले होते. पाहतात तो काय, बचावातला एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन पळणाऱ्यांना मागे टाकतो आहे! १९६१ साली चौदाव्या फेरीत, १८६ व्या क्रमांकाला त्यांनी त्याला घेतले. टेलिफोनच्या पुस्तकात डेव्हिड जोन्स पुष्कळ आहेत म्हणून त्याने स्वतःच ‘डीकन’ हे नाव लावले, आणि पुढे क्वार्टरबॅकला पाडण्याच्या कृतीला ‘सॅक’ हा शब्दही त्यानेच रूढ केला.

पण जोन्स सापडला तो फिल्म पाहताना, ओघाओघात. मुद्दाम शोधायला कोणी गेले नव्हते. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते तोवर तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद. त्यांचे खेळणे चाले ते आपापल्या लहान कॉलेजांत. तिकडे नियमाने डोळे लावून बसलेला एक माणूस होता, आणि तो पेशाने पत्रकार होता. पिट्सबर्गच्या ‘कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातले क्रीडालेखक बिल नन. दरवर्षी ते या कॉलेजांतल्या उत्तमोत्तम खेळाडूंचा एक मानाचा संघ छापीत. सगळी माहिती गावातच होती. पण त्याच गावच्या स्टीलर्स संघाला ती विचारण्याची गरज वाटत नव्हती. ननना त्याचा राग होता आणि तो ते लपवीत नसत. संघाच्या मालक घराण्यातले डॅन रूनी यांच्या कानी हे गेले. त्यांनी ननना बोलावले, ऐकून घेतले, आणि त्यांनाच कामावर घेतले. १९६९ पासून नन पूर्णवेळ पारखी झाले.

ननची रीत साधी होती. तिथले प्रशिक्षक त्यांच्या ओळखीचे, वसतिगृहे पायाखालची. इतर मंडळी येत, वेळ टिपत आणि निघून जात. एकदा ओल्या गवतावर एका मुलाची धाव सगळ्यांनी मोजली आणि मंडळी पुढच्या गावाला गेली. ननना म्हणे नेमके तेव्हाच बरे वाटेनासे झाले. ते मागे राहिले, आणि कोरड्या जमिनीवर त्याला पुन्हा पळवले. तो मुलगा जॉन स्टॉलवर्थ. तो चढाईवाला, म्हणून आपल्या विषयात बसत नाही. पण युक्ती सांगितल्यावाचून राहवले नाही.

बचावातली त्यांच्या काळातली नावे पाहा. आर्कान्सातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला उंचाडा एल. सी. ग्रीनवुड, १९६९, दहावी फेरी. टेक्सस सदर्नचा एर्नी होम्स, १९७१, आठवी फेरी. जो ग्रीन आणि ड्वाइट व्हाइट यांच्यासह हे दोघे उभे राहिले की ‘पोलादी पडदा’ पुरा होई. आणि डॉनी शेल! जोन्सची शिष्यवृत्ती गेली त्याच साउथ कॅरोलायना स्टेटचा हा मुलगा. १९७४ च्या त्या ४४२ नावांत त्याचे नावच नव्हते. स्टीलर्सनी त्याला ड्राफ्ट संपल्यावर बोलावले. त्याने पुढे प्रतिपक्षाचे ५१ पास मधल्यामध्ये झेलले. सहा मोसमांत संघाने चार वेळा सुपर बोल जिंकला.

कधी कधी आड येते ते अगदी क्षुल्लक. टेनेसी स्टेटचा रिचर्ड डेंट या खेळाच्या मानाने किडकिडीत होता. कारण काय, तर दात खराब, धड खाता येत नव्हते! शिकागोच्या बेअर्स संघाने १९८३ साली आठव्या फेरीत त्याला घेतले, दात नीट करवून घेतले, आणि गड्याच्या अंगावर मांस चढले. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मात्र पारख्यांची फार आरती ओवाळायलाही नको. डेंटच्या आधी याच संघाने त्या वर्षी सहा जण निवडले होते. त्यांना तो इतका थोर वाटला असता तर आठव्या फेरीपर्यंत ते थांबले असते का?

अलीकडचे उदाहरण सिअॅटलचे. कडेच्या बचावपटूचे हात लांब हवेत, असा त्या संघाचा कटाक्ष. रिचर्ड शर्मन हा स्टॅनफर्डचा मुलगा आधी चढाईत होता, बचावात उशिरा आलेला; पण हात ३२ इंची. २०११ साली पाचव्या फेरीत त्याला उचलले. सातव्या फेरीत माल्कम स्मिथ आला, २४२ वा. जानेवारी २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या निर्णायक क्षणी शर्मनने उडी मारून चेंडूला बोटे लावली आणि तो थेट स्मिथच्या हातांत पडला. दोनच आठवड्यांनी सिअॅटलने सुपर बोल ४३–८ असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडूचा मान या २४२ व्याला.

त्याच वर्षीच्या वसंतात, वयाच्या नव्वदीला टेकलेले बिल नन स्टीलर्सच्या कचेरीत नव्या मुलांविषयीच्या कामात होते. तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ६ मे २०१४ रोजी ते गेले. त्या वर्षीचा ड्राफ्ट सुरू व्हायला दोन दिवस होते.