मोटारघरातील मूषक

बारामती तालुक्यातील मोरगाव हे अष्टविनायकांपैकी पहिले स्थान होय. तेथील मयूरेश्वराच्या मंदिरासमोर नंदी आहे, आणि उंदराची मूर्तीही आहे. गणपतीचे वाहन म्हणून ज्या उंदराला आपण भक्तिभावाने हात जोडतो, तोच आपल्या स्वतःच्या वाहनात शिरला म्हणजे मात्र ती भक्ती क्षणात मावळते. संस्कृतातील ‘मूषक’ हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूवरून साधतात. धान्य चोरणाऱ्यास हे नाव शोभतेही. परंतु मोटारीत धान्य नसते, आणि तार हे काही उंदराचे अन्न नव्हे. मग तो तेथे जातो कशासाठी?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या दातांत आहे. उंदीर, घूस, खार हे प्राणी कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या वर्गातील. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. मोठ्या उंदराच्या दातांची वाढ वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर भरेल. हे दात सतत झिजले नाहीत तर तोंड मिटणे व खाणे त्याला अशक्य होईल. शिवाय दातांच्या पुढच्या बाजूस तेवढे कठीण लुकण असते, मागची बाजू मऊ असते. मागचा भाग लवकर झिजतो आणि पुढची कड सुताराच्या पटाशीप्रमाणे आपोआप धारदार राहते. अशा हत्यारापुढे तारेवरील प्लास्टिकच्या आवरणाचा पाड तो काय लागणार!

उत्तराचा उरलेला भाग वाहनाच्या रचनेत आहे. गाडी थांबली तरी इंजिन बराच वेळ कोमट राहते. बॉनेटखाली अंधार असतो, मांजराचा पंजा तेथवर पोचत नाही, आणि आवाज रोधण्यासाठी लावलेले मऊ अस्तर घरटे बांधण्यास आयतेच मिळते. थंडीच्या रात्री आसरा शोधणाऱ्या मादीला याहून चांगले बाळंतघर कोठे मिळणार? घरउंदराच्या मादीला गर्भधारणेपासून तीन आठवड्यांच्या आत पिले होतात. महिनाभर न हलवलेल्या मोटारीत एक पिढी सुखाने जन्मास येऊ शकते.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा उपद्रव विशेष जाणवावा यास आणखी एक कारण आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे उसाची दाट शेती उभी राहिली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांना हाच ऊस जातो. उसाच्या फडात शेतातील उंदरांना अन्न, सावली आणि लपण सारेच मिळते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि फडामागून फड मोकळे होऊ लागतात. आसरा गेला की त्यांतील काही बांधावर, काही शेजारच्या शेतात आणि काही वस्तीकडे वळतात. तेथे शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात ट्रॅक्टर, दुसऱ्या कोपऱ्यात मोटारसायकल आणि मध्ये गाईंसाठी आणलेली सरकी व पेंडीची पोती अशी व्यवस्था असते. बाहेर भिंतीला लागून कडब्याची गंज. भोजनगृह आणि शयनगृह शेजारी-शेजारी थाटून पाहुण्यांनी येऊ नये अशी अपेक्षा करणे थोडे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

नुकसान केवळ पैशांचे असते असेही नाही. तार तुटली तर गाडी सुरू होत नाही, आणि रात्री रुग्णाला तालुक्याच्या गावी न्यावयाचे असेल तर तेवढी एक तार प्राणाशी गाठ घालते. अर्धवट कुरतडलेली तार याहून घातक. उघडी पडलेली तार गाडीच्या लोखंडी सांगाड्यास भिडली की ठिणगी उडते. जवळच पाचट, कापूस आणि चिंध्यांचे घरटे असेल तर आग लागण्यास वेळ लागत नाही. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसास होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

उपाय योजण्यापूर्वी पाहुणा कोण ते ओळखावे. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर तो लहान घरउंदीर होय. त्यांच्या दुपटीएवढ्या असतील तर मोठा उंदीर. पायाशी माती उकरून ढीग झाला असेल तर ते घुशीचे काम समजावे. लांब सोंडेसारख्या तोंडाची चिचुंद्री मात्र कृंतक नव्हे. ती किडे खाते. तारा कुरतडल्याचा आळ तिच्यावर उगाच येतो.

माझ्या मते सर्व उपायांत दार बंद करणे हा पहिला उपाय, आणि तोच बहुतेक लोक शेवटी करतात. घरउंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येऊ शकतो. दाराखालच्या फटीत शिसपेन्सिल सरकली तर उंदीरही सरकेल, असे समजण्यास हरकत नाही. लाकडी दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी ठोकावी. झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. प्लास्टिकची जाळी तो कुरतडून टाकतो. भोके सिमेंटने बुजवावीत. पेंड व धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे, आणि कडब्याची गंज मोटारघरापासून दूर रचावी. गाडीत सांडलेले बिस्किटांचे तुकडे झाडून काढावेत. देवदर्शनाहून परतल्यावर प्रसादाचे पेढे व खोबरे गाडीच्या खणात राहून जाते, तेही त्याच दिवशी घरात न्यावे. नाहीतर नैवेद्य पोचतो तो वाहनाला!

गाडी बंदिस्त जागेत असेल तर रात्री तिचे बॉनेट उघडे ठेवावे, म्हणजे अंधार आणि ऊब दोन्ही नाहीशी होतात. हंगामानंतर उभ्या राहणाऱ्या ट्रकचे व ट्रॅक्टरचे इंजिन दर दोन-चार दिवसांनी उघडून पाहावे आणि मगच सुरू करावे. हवा आत घेणाऱ्या वाटेवर जाळी बसवावयाची झाल्यास ते काम कारागिराकडून करून घ्यावे, कारण हवेची वाट अडली तर इंजिन बिघडते. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने, कानास ऐकू न येणारा आवाज करणारी यंत्रे यांवर अनेकांचा विश्वास असतो. परंतु वास उडून जातो आणि आवाजाची सवय होते. बंद गाडीत डांबरगोळ्यांची वाफ माणसालाच अपाय करते.

आत शिरलेल्यांसाठी पिंजरा लावावा. उंदीर मिशांनी भिंत चाचपत तिच्या कडेने पळतो, म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लावून ठेवावा. घरउंदीर जिज्ञासू असतो आणि नवी वस्तू लगेच हुंगून पाहतो. त्याचा वावर घरट्याभोवती काही मीटरच असतो. तेव्हा एका पिंजऱ्याऐवजी थोड्या-थोड्या अंतरावर तीन-चार ठेवणे बरे. मोठा उंदीर याच्या उलट, नव्या वस्तूस बिचकणारा. त्याच्यासाठी पिंजऱ्यात खाद्य घालून दार काही दिवस उघडेच बांधून ठेवावे आणि तो निर्धास्तपणे ये-जा करू लागला की कळ चढवावी. शेंगदाणा, तळलेले भजे किंवा सुकट हे खाद्य उत्तम. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासात जाते. हातमोजे घालून त्यांवर जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

विषाविषयी मात्र सावध राहावे. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्यापासून फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण होतो, आणि त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. त्या खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरत राहतो आणि शेवटी गाडीच्या सांगाड्यात एखाद्या न सापडणाऱ्या जागी मरतो. लहान मुलाला या वड्या खाऊ वाटू शकतात. तसा विषारी उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर त्याच्याही जिवावर बेतते. पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याच्या या पक्ष्याला लोक अपशकुनी म्हणून हाकलतात, वास्तविक उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न आहे. तो भक्ष्य बहुधा सगळेच गिळतो आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी तोंडावाटे टाकून देतो. जुन्या वाड्यात किंवा वडाच्या ढोलीत घुबडाची वस्ती असेल तर खाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या सापडतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली एखादी गोळी जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवून चिमट्याने अलगद सोडवली, तर आतील उंदरांच्या कवट्या मोजता येतात, आणि त्यांचे ते लांब, नारिंगी दातही.