संकटकाळांतील पगार

धंद्याची खरी परीक्षा नफ्याच्या दिवसांत होत नाहीं. व्यवहार थांबला म्हणजे होते. ता. 25 मार्च 2020 पासून कोविडच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यांत लहानसा छापखाना चालवितो. त्याचीं यंत्रें थांबलीं, येणीं अडकलीं. जागेचें भाडें, कर्जाचे हप्ते व सात कामगारांचे पगार मात्र थांबले नाहींत.

ता. 27 मार्च रोजीं रिझर्व्ह बँकेनें हप्ते तीन महिने पुढें ढकलण्याची मुभा दिली; नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. परंतु हप्ता थांबला तरी व्याज चढतच होतें. ता. 29 मार्चच्या सरकारी आदेशानें पूर्ण वेतन देणें मालकांस बंधनकारक झालें. तो आदेशही 18 मेपासून मागें घेतला गेला.

पुढें पगार देणें न देणें केवळ त्याच्या मनावर राहिलें. नव्या यंत्रासाठीं राखलेली मुदतठेव त्यानें मोडली व पगार चुकते केले. यंत्र लांबणीवर पडलें. पण छापखाना उघडला त्या दिवशीं सातहि माणसें हजर होतीं.

आपत्तीसाठीं धन राखण्याचें सुभाषित मीं त्याच्याकडून शाळेंत पाठ करवून घेतलें होतें. तें धन कोणासाठीं राखावयाचें, हें मात्र त्यानें मला शिकविलें.