वायफायचं कार्ड आणि गटाचा जुना कॉम्प्युटर



गेल्या महिन्यात दोन गटांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, आमच्या कॉम्प्युटरवर नेट लागत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेलाय. आता काय करायचं?" मला हसू आलं. हेच वाक्य मी स्वतः ऐकलंय आणि त्यापायी आमच्या ग्रामसंघाचे ३,५०० रुपये जाता जाता वाचलेत. शेवटी खर्च झाला ४० रुपये. तो कसा, ते सांगते. पण त्याआधी वायफायचं कार्ड म्हणजे काय आणि ते आपल्या हाताने कसं बसवायचं, हे बघू.

आमचं ऑफिस घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या अंगाला असलेल्या एका गावात आहे. जुन्या घराची पुढची खोली, दगडमातीच्या हातभर जाड भिंती. कॉम्प्युटर कुणीतरी वापरून दिलेला. ग्रामपंचायतीत नेट आलं आणि सरपंचांनी गटाला पासवर्ड दिला, पण पंचायत रस्त्याच्या पलीकडे. वायर ओढायची कशी? मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आतच असतं. जुन्या डेस्कटॉपला मात्र ते बहुतेक नसतंच, तो वायरवर चालायचा म्हणून बनवलेला. त्याला बाहेरून एक कार्ड द्यावं लागतं. हे कार्ड म्हणजे लहानसा रेडिओच. आपला रेडिओ फक्त ऐकतो, हे कार्ड ऐकतंही आणि बोलतंही.

रेडिओ म्हटलं की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बायकांना फार काही समजावायला नको. नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या तबकड्या आपण येता-जाता बघतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मुलांना घेऊन गेलेल्या कितीतरी जणी असतील. तिथे आणि आसपास मिळून अशा ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर रुंद, आणि त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. जवळ जाऊन नीट पाहिलंत तर तबकडी भरीव नाही, तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, पण रेडिओची लहर जात नाही, उलटी फिरते. कारण जाळीची भोकं लहान आणि लहर लांब. वायफायची नेहमीची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम वीतभरही नाही. जाळी जर लहर परतवते, तर तुमचं लोखंडी कपाट तिला कसं सोडेल? हे एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आणि एफएम रेडिओची लहर सुमारे तीन मीटरची असते. म्हणून स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवलेला रेडिओ वाजतो आणि तिथेच वायफाय मरतं.

आता कार्ड. ते दोन तऱ्हेचं मिळतं. एक पेन ड्राइव्हसारखं, यूएसबीत खुपसायचं. दुसरं सीपीयूच्या डब्याच्या आत बसवायचं, त्याला मागून अँटेना असतात. ज्यांना डबा उघडायची भीती वाटते त्यांनी पहिलं घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. फक्त ते डब्याच्या मागे भिंतीशी दडपून ठेवू नका. यूएसबीची लांब वायर लावून टेबलावर आणा, फरक लगेच दिसतो.

आतलं कार्ड घ्यायचं असेल तर दुकानात जाण्याआधी डबा उघडून आतला फोटो मोबाईलवर काढा आणि तो दाखवा. हल्लीच्या कार्डांना लहान खाच लागते, अंगठ्याच्या पेराएवढी. तिला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. फार जुन्या डब्यात फक्त लांब पांढऱ्या खाचा असतात, त्यांत हे कार्ड बसत नाही. डबा अरुंद असेल तर आखूड पट्टीचं कार्ड मागा. आम्ही हे विचारलं नाही आणि एक चक्कर फुकट गेली. घोडेगाव ते मंचर एसटीने जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो.

बसवताना आधी कॉम्प्युटर नीट बंद करा, मग बोर्डाचं बटण बंद करा, मग वायर उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर डब्याचं चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. पदर खोचा, बांगड्या वर सारा. सिंथेटिक साडी असेल तर अंगात बारीक वीज साठते, थंडीत स्वेटर काढताना चटचट वाजते ना, तीच. आपल्याला ती कळतही नाही, पण कार्डाला मारू शकते. म्हणून आधी डब्याच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा.

डबा आडवा ठेवा, मागचे दोन स्क्रू काढून बाजूचं झाकण सरकवा. स्क्रू वाटीत ठेवा, हरवले की नवऱ्यावर आणि पोरांवर ओरडण्यात वेळ जातो. धूळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. लहान खाचेसमोरची मागची लोखंडी पट्टी काढा. कार्ड कडांना धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खाचेवर सरळ धरून दोन्ही टोकं सारखी दाबा. थोडा जोर लागतो, आणि तिथेच आपल्या बायका घाबरून अर्ध्यावर थांबतात. कार्ड तिरपं राहिलं तर कॉम्प्युटरला ते दिसतच नाही. बसलं की पट्टीचा स्क्रू आवळा, झाकण लावा आणि अँटेना मागून हाताने फिरवून लावा. पक्कड नको. अँटेना न लावता "सिग्नल येत नाही" म्हणणाऱ्या मी तीन जणी पाहिल्यात, त्यांतली एक मीच.

चालू केल्यावर बरेचदा विंडोज कार्ड ओळखतं. नाही ओळखलं तर त्याला ड्रायव्हर लागतो, म्हणजे कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारी छोटी फाईल. गंमत अशी की ती फाईल नेटवर असते आणि नेटसाठीच तर कार्ड बसवलंय! खोक्यात सीडी येते, पण सीडी घालायची जागा बंद पडलेली. यावर सोपा उपाय आहे. मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळ 'यूएसबी टेथरिंग' असतं ते चालू करा. मोबाईलचं नेट वायरीतून कॉम्प्युटरला मिळतं. नाही मिळालं तर वायर बदलून बघा, काही स्वस्त वायरी नुसतं चार्जिंग करतात. मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावरून ड्रायव्हर उतरवा. 'फुकट ड्रायव्हर' म्हणून कुठल्याही पानावर मोठं हिरवं बटण दिसेल, ते दाबू नका.

आता बिघाड. नेट लागत नाही, हे आपण एका दमात बोलतो, पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात. विहिरीपासून नळापर्यंत पाणी कुठे अडलंय हे आपण एका टोकाकडून बघत जातो, तसंच इथेही बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम केलं आणि चालू झालं, तर नेमकं कशाने झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

आधी बघा, कॉम्प्युटरला कार्ड दिसतंय का. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा, यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' येईल, त्यात 'नेटवर्क ॲडाप्टर्स'. तिथे कार्डाचं नावच नसेल तर ते बहुधा नीट बसलेलं नाही. पुन्हा वीज तोडून काढा आणि बसवा. नावावर पिवळी खूण असेल तर ड्रायव्हरचा घोळ.

कार्ड दिसतंय पण पंचायतीच्या वायफायचं नाव दिसत नाही? मोबाईल हातात घेऊन त्याच खुर्चीवर बसा. मोबाईललाही दिसत नसेल तर कार्डाला बोल लावू नका, दोष पलीकडच्या खोक्यात किंवा भिंतीत आहे. मोबाईलला दिसतंय आणि कॉम्प्युटरला नाही, तर अँटेना बघा, आणि ती तबकडीची जाळी आठवा. आमचा डबा लोखंडी टेबलाखाली, बाजूला दप्तराचं लोखंडी कपाट. आम्ही तो खिडकीकडे हलवला आणि एक काडी दाखवणारं चिन्ह तीनवर गेलं. आणखी एक कारण असतं. वायफाय बहुतेक दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त कार्डं फक्त पहिली ऐकतात. मोबाईलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर अशा कार्डाला तो दिसणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. दगडी भिंतीतूनही तीच पट्टी जरा बरी जाते.

नाव दिसतंय पण जोडत नाही, तर पासवर्ड बदललाय का ते पंचायतीत विचारा आणि जुनी नोंद 'फर्गेट' करून पुन्हा टाका. जोडलंय पण कुठलंच पान उघडत नाही, तर वायफाय ठीक आहे, पलीकडचं नेटच गेलंय. त्याच वायफायवर मोबाईल लावून बघा, मात्र मोबाईलचा डेटा बंद करून, नाहीतर फसाल. काही वेळ चालतं आणि मग आपोआप तुटतं, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दोनदा दाबा. 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी असते, तिथली बरोबरची खूण काढा.

आता आमची गोष्ट. मे महिना होता. भाताच्या बियाण्या-खतासाठी सात गटांना कर्ज हवं होतं आणि अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. वायफाय जोडलेलं, चिन्ह छान भरलेलं, पण बँकेचं पान उघडेना. पडद्यावर सारखं येई, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. एक जण म्हणाला, खाली 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जा, काही होत नाही. मैत्रिणींनो, बँकेच्या पानावर हे कधीही करायचं नाही. ती सूचना खरी असेल तर तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्याच हातात जाईल. आम्ही डबा उचलून दुकानात नेला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि मदरबोर्ड सांगितला.

परत येताना डबा मांडीवर होता आणि अध्यक्ष मावशी गप्प. ऑफिसात पुन्हा चालू केला तेव्हा मावशींनीच बोट दाखवलं. "अगं, ही तारीख काय म्हणती?" कोपऱ्यात १ जानेवारी २०१२.

तेच होतं. बँकेच्या पानाला ओळखपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर ते स्वतःच्या घड्याळाशी ताडतो. घड्याळ २०१२ म्हणत असेल तर ते ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. मग घड्याळ का मागे गेलं? मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं. वीज नसताना तोच घड्याळ चालवतो. आम्ही शिस्तीने रोज रात्री बोर्डाचं बटण बंद करत होतो, आणि सेल संपलेला. त्या दिवशी तारीख हाताने दुरुस्त केली, पान लगेच उघडलं. सातही अर्ज त्याच रात्री भरले, दहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून ४० रुपयांचा सेल आणला. वीज तोडून, बाजूची बारीक चाप नखाने ढकलली की जुना सेल वर उडतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवायची. नंतर तारीख एकदा लावावी लागते.

तेव्हापासून मावशी ऑफिसात आल्या की आधी कोपऱ्यातली तारीख वाचतात, मगच चहा.

पुढच्या मंगळवारी प्रिंटरबद्दल बोलू. कागद अडकला की ओढायचा कुठल्या बाजूने, यावर आमच्याकडे दोन तट आहेत.