तुरटीने पाणी निवळते, आम्लही होते

पिंपळे गुरवच्या कडेने वाहणारी पवना पावसाळ्यात चहाच्या रंगाची होते. याच नदीचे पाणी वरच्या अंगाला रावेत बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला येते. गढूळ पाण्यावरचा जुना घरगुती उपाय म्हणजे तुरटी. शुद्धीकरण केंद्रांतही सामान्यतः अल्युमिनियमचेच क्षार वापरतात. या क्षारांनी पाणी निवळताना किंचित आम्लही होते. आम्ल तर कोणी घातलेले नसते. मग हे घडते कसे?

आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून क्षार तयार होतो, तेव्हा त्याचे द्रावण उदासीन असणार, असा समज असतो. मिठापुरता तो खरा आहे. मिठातील सोडियम व क्लोराईड आयन पाण्याच्या रेणूंच्या वाटेला जात नाहीत आणि सामू ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन राहतो. धुण्याच्या सोड्यातील कार्बोनेट आयन मात्र दुर्बल आम्लाचा वारस. तो पाण्याकडून हायड्रोजन आयन हिसकावतो, मागे हायड्रॉक्साइड उरते आणि पाणी बुळबुळीत, आम्लारिधर्मी होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा सामू १० च्या घरात असतो, तो अशाच क्षारांमुळे.

तुरटीचे उलट. अल्युमिनियमच्या आयनावर तीन धनप्रभार असतात. भोवती जमलेल्या पाण्याच्या सहा रेणूंतील इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे इतके ओढतो, की त्या रेणूंतील हायड्रोजन आयन सुटे होतात आणि सामू उतरतो. उरते ते अल्युमिनियम हायड्रॉक्साइड. त्याच्या फुगीर, चिकट पुंजक्यांत माती अडकते आणि तळाशी बसते.

एरवी नदीतील बायकार्बोनेट ही आम्लता शोषून घेते. पंचाईत होते ती पावसाळ्यात. गाळामुळे तुरटी जास्त लागते आणि पावसाच्या पाण्याने बायकार्बोनेट नेमके तेव्हाच विरळ झालेले असते. सामू फार उतरला तर पुंजके नीट बांधले जात नाहीत, अल्युमिनियम विरघळलेल्या रूपात पुढे जाते आणि लोखंडी नळ गंजू लागतात. अशा वेळी पाण्यात चुना मिसळावा लागतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. त्यात सवलत नाही.

हंड्यात तुरटी दोन-चार वेळा फिरवून लगेच बाहेर काढण्याची जुन्या घरांतली रीत शहाणपणाचीच म्हणायला हवी. मात्र निवळलेले पाणी निर्जंतुक नसते. ते उकळावेच लागते.